अवकाशप्रवास आणि मुक्या प्राण्यांचे हृदय

भोपाळच्या मोठ्या तलावात गळाभर पाण्यात काही वेळ उभ्या राहणाऱ्या माणसाच्या शरीरात एक विलक्षण बदल घडून येत असतो. बाहेरच्या पाण्याचा दाब पायांवर सर्वांत अधिक असतो आणि वर छातीकडे तो कमी कमी होत जातो. त्यामुळे पायांतील व पोटातील शिरांमध्ये साचलेले रक्त वर ढकलले जाते आणि छातीत त्याची गर्दी होते. हृदयाचे कप्पे नेहमीपेक्षा अधिक भरतात. शरीराला वाटते की, आपल्यात पाणी फार झाले. आणि मूत्रपिंडांना ते बाहेर टाकण्याची आज्ञा मिळते. पोहणाऱ्याला वरचेवर लघुशंकेची भावना होते, तिचे एक मोठे कारण हेच. तलावातून बाहेर येऊन माणूस काठावर उभा राहिला की रक्त पुन्हा खाली उतरते आणि सारे पूर्ववत होते.

आता हीच अवस्था घटकाभर न टिकता दिवसेन् दिवस, महिनोन् महिने टिकली तर हृदयाचे काय होईल? पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानातील प्राण्याची स्थिती पुष्कळशी अशीच असते. तेथे पाणी नसते, परंतु वजनही नसते. वजन नसल्यामुळे रक्ताला 'खाली' अशी दिशाच उरत नाही. माणूस पृथ्वीवर उठून उभा राहतो तेव्हा सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक रक्त कमरेखालच्या भागात उतरते. ते वर ओढून मेंदूपर्यंत पोचविण्यासाठी हृदय आणि रक्तवाहिन्या जन्मभर झटत असतात. हे कष्ट इतके सवयीचे असतात की, ते चालू आहेत याची आठवणही राहत नाही. अवकाशात ते एकाएकी थांबतात. या सक्तीच्या विश्रांतीचा हृदयावर काय परिणाम होतो, हे माणसाला प्रथम मुक्या प्राण्यांकडून कळले. त्या ज्ञानाची किंमतही त्या प्राण्यांनीच मोजली.

आरंभीचा प्रश्न अगदी साधा होता. वजनरहित अवस्थेत हृदय चालेल की बंद पडेल? १९४० नंतरच्या दशकात या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर कोणापाशीही नव्हते. अमेरिकेत १९४९ च्या जूनमध्ये 'अल्बर्ट दुसरा' नावाचे एक माकड अग्निबाणातून १३० किलोमीटरहून अधिक उंचीवर गेले. वर असताना ते जिवंत होते. पण परतताना हवाई छत्री उघडली नाही आणि आघाताने त्याचा अंत झाला. सोव्हिएत रशियाने कुत्र्यांची निवड केली. १९५१ च्या जुलैमध्ये देझिक आणि त्सिगान हे दोन कुत्रे सुमारे शंभर किलोमीटर उंच जाऊन सुखरूप परत आले. ही उड्डाणे मात्र काही मिनिटांची होती. हृदयाची खरी परीक्षा अजून व्हावयाची होती.

ती ३ नोव्हेंबर १९५७ रोजी झाली. मॉस्कोच्या रस्त्यावरून उचलून आणलेली लायका नावाची कुत्री स्पुटनिक-२ मधून पृथ्वीच्या कक्षेत गेली. तिच्या मानेतील धमनी आधीच शस्त्रक्रियेने कातडीच्या पदरात बाहेर घेण्यात आली होती, म्हणजे रक्तदाब मोजणे सोपे जावे. यान झेपावताना तिच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सुमारे १०३ होते, ते २४० पर्यंत गेले. वजनरहित अवस्था आल्यावर ते हळूहळू उतरले. परंतु जमिनीवर गरगर फिरणाऱ्या यंत्रातील चाचणीनंतर पूर्वपदावर येण्यास जेवढा वेळ लागे, त्याच्या सुमारे तिप्पट वेळ येथे लागला. वजनरहित अवस्थेत हृदय चालते, हे त्या नोंदीने सिद्ध झाले. पण त्या हृदयावर भीतीचे ओझे किती होते, हेही त्याच नोंदीत उमटले आहे.

लायकाला परत आणण्याची सोय त्या यानात नव्हतीच. ती अनेक दिवस जिवंत होती आणि तिला वेदनारहित मरण आले, असे जगाला बराच काळ सांगण्यात आले. प्रत्यक्षात यानातील उष्णता वाढत गेल्याने ती काही तासांतच गतप्राण झाली होती, हे २००२ मध्ये रशियन शास्त्रज्ञ दिमित्री मालाशेन्कोव्ह यांनी एका परिषदेत उघड केले. त्याआधी १९९८ मध्ये, या कार्यक्रमातील एक प्रमुख शास्त्रज्ञ ओलेग गाझेन्को यांनी जाहीरपणे खेद व्यक्त केला होता. त्या कुत्रीचा मृत्यू समर्थनीय ठरावा इतके ज्ञान त्या उड्डाणातून मिळाले नाही, असे त्यांनी सांगितले. ही कबुली बाहेरच्या टीकाकाराची नव्हती. ज्यांनी तो प्रयोग केला त्यांच्यापैकीच एकाची होती. म्हणून तिचे मोल मोठे आहे.

पुढे बेल्का आणि स्ट्रेल्का या दोन कुत्र्या १९६० च्या ऑगस्टमध्ये कक्षेत एक दिवस राहून जिवंत परतल्या. त्यानंतर आठ महिन्यांच्या आतच युरी गागारिन अवकाशात गेला. 'हृदय चालेल काय' हा प्रश्न सुटला होता. त्याची जागा दुसऱ्या, अधिक अवघड प्रश्नाने घेतली : हृदय किती दिवस चालेल, आणि परत आल्यावर ते कोणत्या अवस्थेत असेल?

या दुसऱ्या प्रश्नासाठी १९६६ च्या फेब्रुवारीत व्हेतेरोक आणि उगोल्योक हे दोन कुत्रे कॉस्मॉस-११० या यानातून पाठविण्यात आले. 'झुळूक' आणि 'कोळशाचा तुकडा' असा या नावांचा अर्थ. ते २२ दिवस कक्षेत राहिले. त्यांना अन्न नळीवाटे सरळ जठरात दिले जाई आणि त्यांच्या रक्ताभिसरणाच्या नोंदी सतत जमिनीवर येत. तोपर्यंत माणसाचे सर्वांत लांब उड्डाण १४ दिवसांचे होते. परतल्यावर हे दोन्ही कुत्रे अशक्त झालेले होते. शरीरातील पाणी घटले होते, स्नायू आणि हाडे क्षीण झाली होती, आणि रक्ताभिसरणाचा तोल ढळला होता. यथावकाश ते बरे झाले. अवकाशातील वास्तव्यापेक्षा अवकाशातून परतणे हृदयाला अधिक जड जाते, हा धडा येथे प्रथम स्पष्टपणे मिळाला.

कुत्र्यांच्या या साक्षीत एक उणीव मात्र होती. कुत्रा चार पायांवर उभा राहतो. त्याचे हृदय आणि मेंदू यांच्या उंचीत फारसे अंतर नसते आणि त्याच्या शरीरातील रक्ताचा बराचसा भाग हृदयाच्याच पातळीवर असतो. रक्त पायांकडून वर खेचण्याचे जे काम माणसाच्या हृदयाला करावे लागते, ते कुत्र्याच्या हृदयाला त्या प्रमाणात करावे लागत नाही. जे ओझे मुळात थोडेच होते, ते उतरल्याचा परिणामही थोडाच दिसणार. म्हणून शास्त्रज्ञांची दृष्टी ताठ बसणाऱ्या प्राण्याकडे, म्हणजे माकडाकडे वळली.

येथे या कथेचा संबंध भारताशी, आणि भोपाळच्या परिसराशीही येतो. मध्यप्रदेशातील जंगलांत, देवळांच्या पायऱ्यांवर आणि गावांच्या वेशींवर लाल तोंडाचे जे माकड दिसते, त्याच जातीवर विसाव्या शतकातील वैद्यकीय संशोधनाचा फार मोठा भाग उभा राहिला. 'अल्बर्ट दुसरा' याच जातीचा होता. १९५० नंतरच्या वर्षांत पोलिओची लस तयार करण्यासाठी भारतातून लाखो माकडे परदेशी गेली. वाटेत त्यांचे होणारे हाल आणि मृत्यू यांविषयी ओरड झाल्यावर १९५५ मध्ये भारत सरकारने ही निर्यात काही काळ थांबविली आणि नंतर ती वैद्यकीय उपयोगाच्या अटीवर पुन्हा सुरू केली. परंतु ही माकडे अमेरिकेत अण्वस्त्रांच्या किरणोत्सर्गाच्या प्रयोगांसाठी वापरली गेल्याचे उघडकीस आले, तेव्हा मोरारजी देसाई पंतप्रधान असताना, १९७८ मध्ये, निर्यातीवर संपूर्ण बंदी घालण्यात आली. प्राण्याचा जीव कोणत्या कामासाठी द्यावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार केवळ प्रयोगशाळेकडे नाही, असे त्या निर्णयाने सांगितले.

माकडाच्या हृदयाची सर्वांत करुण कहाणी १९६९ ची आहे. जूनच्या अखेरीस, म्हणजे माणूस चंद्रावर उतरण्याच्या तीन आठवडे आधी, अमेरिकेने बायोसॅटेलाइट-३ या यानातून बॉनी नावाचे आखूड शेपटीच्या जातीचे एक माकड कक्षेत सोडले. ते ३० दिवस तेथे राहावे, अशी योजना होती. त्याच्या मेंदूत, स्नायूंत आणि रक्तवाहिन्यांत इतकी नोंदयंत्रे व नळ्या बसविल्या होत्या की, इतक्या बारकाईने एखाद्या प्राण्याची पाहणी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल. परंतु काही दिवसांतच त्याचे खाणेपिणे सुटले, शरीर थंड पडू लागले आणि नाडी मंदावली. नवव्या दिवशी यान घाईने खाली आणावे लागले. परतल्यावर काही तासांतच बॉनीचे हृदय बंद पडले.

हे का घडले, याचे जे स्पष्टीकरण त्या वेळी पुढे आले, ते मोठ्या तलावाच्या पाण्याशी मिळतेजुळते होते. वजन नाहीसे होताच रक्त छातीत जमा झाले, हृदयाजवळच्या शिरांतील दाब वाढला, शरीराने पाणी फार झाल्याचा समज करून घेतला आणि ते बाहेर टाकीत टाकीत स्वतःला कोरडे केले. विचार सुसंगत होता. तथापि टीकाही झाली : शरीरभर नळ्या खुपसून एका आसनाला जखडलेल्या प्राण्याच्या मृत्यूत वजनरहित अवस्थेचा दोष किती आणि जखडण्याचा किती, हे वेगळे कसे काढावयाचे?

या प्रश्नाचे अनपेक्षित उत्तर बावीस वर्षांनी माणसानेच दिले. १९९१ च्या जूनमध्ये कोलंबिया या अवकाशयानातून ड्र्यू गॅफ्नी हे हृदयरोगतज्ज्ञ अवकाशात गेले. जाण्यापूर्वीच त्यांच्या दंडाच्या शिरेतून एक बारीक नळी हृदयाजवळ पोचविलेली होती. छातीतील दाब वाढलेला दिसेल, असा सर्वांचा कयास होता. प्रत्यक्षात तो पृथ्वीवरील पातळीपेक्षाही खाली उतरला. आणि तरीही हृदय मात्र अधिक भरलेले होते. वजन नाहीसे झाल्यावर छातीच्या पिंजऱ्यावरील आणि हृदयाभोवतालचा भारही हलका होतो, त्यामुळे थोड्या दाबातही हृदय फुलते, असा याचा उलगडा नंतर करण्यात आला. म्हणजे मोठ्या तलावाची उपमा अर्धीच खरी ठरली. पाण्यात बाहेरून दाब असतो. अवकाशात तो नसतो. त्याच यानातून २९ उंदीरही गेले होते. पण ही एक गोष्ट सांगणे त्यांना शक्य झाले नाही, ती एका स्वेच्छेने गेलेल्या वैद्याने सांगितली.

प्राण्यांकडून मिळालेले ज्ञान व्यर्थ होते, असा याचा अर्थ नव्हे. काही गोष्टी माणसावर पाहणे शक्यच नसते. जिवंत माणसाच्या हृदयाचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता येत नाही. १९८९ मध्ये सोव्हिएत कॉस्मॉस-२०४४ या यानातून १४ दिवस फिरून आलेल्या उंदरांच्या हृदयांची अशी तपासणी झाली. हृदयाच्या झडपांना आधार देणाऱ्या स्नायूंचे तंतू पृथ्वीवर राहिलेल्या उंदरांच्या तंतूंपेक्षा बारीक झालेले आढळले. पुढच्या सर्वच प्रयोगांत असे आढळले नाही, आणि उंदीर हाही चार पायांवर चालणारा प्राणी आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु काम कमी झाले की दंडाचा स्नायू जसा रोडावतो, तसा हृदयाचा स्नायूही रोडावू शकतो, ही शंका येथून बळावली.

माणसाच्या बाबतीत ती खरी ठरली. अमेरिकन अंतराळवीर स्कॉट केली २०१५ व २०१६ मध्ये सलग ३४० दिवस अंतराळस्थानकावर होता. आठवड्यातून सहा दिवस तो नेमाने व्यायाम करी. तरीही त्याच्या हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याचे, म्हणजे सर्व शरीराला रक्त पुरविणाऱ्या मुख्य भागाचे, वजन १९० ग्रॅमवरून १३९ ग्रॅमवर आले. जवळजवळ चतुर्थांश हृदय झिजले. त्याच संशोधकांनी बेन्वा लकाँत या फ्रेंच जलतरणपटूचीही तपासणी केली. तो २०१८ मध्ये प्रशांत महासागरात १५९ दिवस दररोज कित्येक तास पोहत होता. इतके श्रम करूनही त्याचे हृदय वाढले नाही, उलट थोडे घटले. कारण पाण्यात आडव्या असलेल्या शरीराला रक्त वर चढवावे लागत नाही. या दोन माणसांकडून एकच निष्कर्ष निघाला : हृदयाचे बळ केवळ व्यायामावर अवलंबून नाही. माणूस उठून उभा राहतो, ही रोजची साधी गोष्टही त्याच्या हृदयाला घडवीत असते. दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला वैद्य लवकरात लवकर उठवून बसवू पाहतात, त्यामागेही हेच सत्य आहे. अवकाशातील संशोधन अशा रीतीने रुग्णालयाच्या खाटेपाशी येऊन पोचते.

भारताचा या शास्त्राशी प्रत्यक्ष संबंध १९८४ मध्ये आला. ३ एप्रिल १९८४ रोजी राकेश शर्मा सोयूझ टी-११ यानातून निघाले आणि सॅल्यूत-७ या स्थानकावर जाऊन ११ एप्रिलला परतले. पृथ्वीवरून भारत कसा दिसतो, याचे त्यांनी दिलेले उत्तर सर्वांच्या स्मरणात आहे; परंतु त्यांनी तेथे केलेले काम फारसे कोणाला ठाऊक नाही. हृदयाच्या विद्युत्क्रियेच्या नोंदी आणि योगासनांचे प्रयोग यांचा त्यात समावेश होता. योगायोग असा की, त्या वेळी स्थानकावर ओलेग आत्कोव्ह हे हृदयरोगतज्ज्ञ वास्तव्यास होते. ते २३७ दिवस तेथे राहून आपली आणि सहकाऱ्यांची हृदये ध्वनिलहरींच्या यंत्राने तपासत होते. जेमतेम चार महिन्यांपूर्वी, १९८३ च्या डिसेंबरात, कॉस्मॉस-१५१४ मधून दोन माकडे पाच दिवस कक्षेत राहून आली होती आणि त्यांपैकी एकाच्या मानेतील धमनीवर रक्तदाब व रक्तप्रवाह मोजणारे उपकरण बसविलेले होते. एका बाजूला बोलता न येणारा प्राणी आणि दुसऱ्या बाजूला आपल्या छातीवर स्वतः यंत्र ठेवणारा वैद्य, अशा दोन मार्गांनी एकाच प्रश्नाचा शोध त्या काळी चालला होता.

त्यांपैकी पहिल्या मार्गाला पुढे मोठा धक्का बसला. १९९७ च्या जानेवारीत बायॉन-११ या उड्डाणातून सुखरूप परतलेले मल्टिक नावाचे माकड, दुसऱ्याच दिवशी तपासणीसाठी दिलेल्या गुंगीत दगावले. अमेरिकेत त्यावर वादळ उठले आणि त्या देशाच्या अवकाशसंस्थेने माकडांच्या पुढील उड्डाणातून अंग काढून घेतले. संशोधकांची दृष्टी आता अधिक लहान जीवांकडे वळली. २०१७ मध्ये केळ्यांवर घोंघावणाऱ्या फळमाश्या अंतराळस्थानकावर पाठविण्यात आल्या. फळमाशीचे हृदय म्हणजे पाठीलगतची एक बारीक नळी. परंतु ती घडविणारी पुष्कळशी जनुके माणसाच्या हृदयाशी नाते सांगतात. अवकाशात वाढलेल्या माश्यांची ही नळी लहान राहिली, तिचे आकुंचन मंदावले आणि स्नायुतंतूंची घडी विस्कटली, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या माशीला पृथ्वीच्या ओढीची फारशी फिकीर असावी असे वाटत नाही, तिचे हृदयही त्या ओढीवाचून नीट घडत नाही!

भारताच्या गगनयान योजनेकडे या पार्श्वभूमीवर पाहावे लागते. माणसे पाठविण्यापूर्वी कुत्रे किंवा माकड पाठविण्याचा विचार भारताने केला नाही. २०२० च्या जानेवारीत बेंगळूरु येथे 'व्योममित्रा' नावाची स्त्रीरूप यंत्रमानवी जगापुढे आणण्यात आली; आधी तिने जावे, असे ठरले. धारवाडच्या कृषिविज्ञान विद्यापीठात फळमाश्यांसाठी एक छोटे उपकरणही तयार करण्यात आले. त्यांतून मूतखड्याच्या विकाराचा अभ्यास व्हावयाचा आहे. २०२५ च्या जूनमध्ये शुभांशु शुक्ला अंतराळस्थानकावर गेले, तेव्हा भारतीय संशोधकांनी त्यांच्याबरोबर स्नायूंच्या पेशी आणि डोळ्यांना न दिसणारे जलजीव दिले होते.

या निवडीला केवळ सोय म्हणता येणार नाही. राज्यसभेच्या सदस्या आणि थोर नर्तिका रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांतून १९६० मध्ये प्राण्यांवरील क्रूरतेला आळा घालणारा कायदा झाला. त्यात प्रयोगांना मनाई नाही. परंतु जे लहान प्राण्यावर भागेल त्यासाठी मोठा प्राणी वापरू नये, असे तत्त्व त्यात घातलेले आहे. लायकापासून फळमाशीपर्यंत जगातील अवकाशशास्त्र साठ वर्षांत जेथे येऊन पोचले, तेथे हा कायदा आधीच उभा होता.

असे असले तरी व्योममित्राला हृदय नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. यानातील हवेचा दाब किती, प्राणवायू किती, हे ती सांगू शकेल. नाडी कशी चालते, रक्त कोठे साचते, परतल्यावर उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी का येते, हे तिला सांगता येणार नाही. ती उत्तरे जुन्या नोंदवह्यांतून घ्यावी लागतात. मिनिटाला २४० वेळा धडधडणाऱ्या लायकाच्या, बावीस दिवसांनी खाली आलेल्या दोन कुत्र्यांच्या आणि नवव्या दिवशी थंड पडत चाललेल्या बॉनीच्या हृदयाने ती पाने भरलेली आहेत. त्यांतील काही पाने लिहावयास नको होती, असे आता लिहिणाऱ्यांनाच वाटते. लिहिली गेलेली पाने लक्षपूर्वक वाचणे आणि तीच पुन्हा लिहावयास न लावणे, एवढी परतफेड मात्र माणसाच्या हाती आहे.